तीन घोड्यांची सभा

परळच्या चाळीसमोर संयुक्त महाराष्ट्राची सभा होती आणि शामराव साळवी आयुष्यात पहिल्यांदाच माइकसमोर उभे राहणार होते. नेमकी त्याच दुपारी चाळीची वीज गेली. चाळीतल्या लवू घाडीने धावपळ करून मांडववाल्याकडचं वीज तयार करणारं इंजिन आणलं.

"तीन हॉर्सपॉवर!" त्याने इंजिनावरच्या पट्टीवरचा आकडा थोपटला. "व्हिक्टोरिया एका घोड्यावर चालते, शामराव. हे तर तीन!"

या हिशेबाने त्याने दोन कर्ण्यांबरोबर बारा मोठाले दिवे टांगले. संध्याकाळी इंजिन सुरू करायची दोरी ओढली आणि निळ्या धुराचा असा लोट उठला की व्यासपीठच दिसेनासं झालं. बायका डोळे पुसू लागल्या. "अश्रुधूर सोडला रे!" कोणीतरी ओरडलं. अर्धी सभा जिन्यात शिरली.

बंदोबस्ताला आलेला हवालदार गंगाधर मोरे चक्रावला. अश्रुधुराचा हुकूम दिला कोणी? तो इंजिनाजवळ गेला, वास घेतला आणि हसला. पोलिसांत येण्याआधी तो मोटारी दुरुस्त करायचा.

"निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. किती घातलं?"

"डबाभर," लवू म्हणाला.

"मीपण वायंच घातलं," शामरावांच्या पत्नी जाईबाई पुढे आल्या. "ह्यांचं पहिलं भाषण. मधेच बंद पडायला नको."

समईत घालावं तसं आणखी दोघांनी घातलं होतं. गंगाधरने जास्तीचं ऑइल काढलं. धूर निवळला, लोक परतले. पण दिवे लावताच इंजिन धापा टाकत काळा धूर ओकू लागलं.

"आता बोजा झेपत नाहीये," गंगाधर म्हणाला. "पट्टीवरचे तीन म्हणजे सगळा दम लावल्यावरचे. सभाभर चालवायचं तर दोनच धरायचे. सहा दिवे काढ."

दिवे निघाले, धूर थांबला. पुन्हा काही बिघडू नये म्हणून गंगाधर तिथेच बसून राहिला. शामरावांचं भाषण टाळ्यांच्या कडकडाटात पार पडलं. आभार मानताना त्यांना भरून आलं.

"आणि आमचे पोली..."

दुरून गंगाधरने घाबरून हात जोडले. त्याची नोकरी गेली असती.

"पोलादी कार्यकर्ते!" शामरावांनी सावरलं.

सभा संपल्यावर गंगाधर घाम पुसत त्यांच्या खोलीत आला. "शामराव, ठाण्यावर भाषणाचा अहवाल द्यायचाय. इंजिनाच्या आवाजात एक शब्द ऐकू आला नाही."

जाईबाईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला. शामरावांनी मोठ्या कृतज्ञतेने सगळं भाषण त्याला लिहून दिलं. भीतीने बोलायचे राहून गेलेले दोन मुद्देही त्यांनी त्यात घातले.