भरतीचा निरोप

सत्यवतीबाई कोळंबी सोलत होत्या, तेवढ्यात फोन वाजला. त्यांच्या हरिहरेश्वरच्या घरी सकाळीच उतरलेल्या चांगदेव पिंगळ्यांचा संदेश होता : ‘जेवणाआधी प्रदक्षिणा उरकून येतो.’ पिंगळे म्हणजे जळगावचे निवृत्त पोस्टमास्तर. समुद्र त्यांनी आयुष्यात आजच पाहिलेला.

देवळामागची प्रदक्षिणेची वाट खडकांवरून जाते, आणि अर्ध्या तासात ती पाण्याखाली जाणार होती. ओल्या बोटांनीच बाईंनी लिहिलं, ‘काका, जाऊ नका, भरती हाय.’

फोनवर लाल पट्टी उमटली : ‘प्रतिस्पर्धी कंपनीचा उल्लेख आढळल्याने संदेश रोखला आहे.’

बाईंच्या दोन खोल्या ‘मुक्कामी’ नावाच्या ॲपवर होत्या. पाहुण्याचा नंबर ते दाखवत नसे. बोलायचं ते ॲपमधूनच. पायाला प्लास्टर घालून बसलेला नवरा, सदा, म्हणाला, “अगो, ते नवीन ॲप आलंय ना, खोल्या भरून देनारं? त्याचं नाव ‘भरती’. ह्यांना ते चालत न्हाय.”

“मग समुद्राला काय म्हनू मी?”

त्यांनी ‘समुद्राची भरती’ लिहिलं. लाल पट्टी. अक्षरं तोडून ‘भ र ती’ लिहिलं. लाल पट्टी. ‘देवाशपथ, खरीखुरी भरती’ लिहिलं. पुन्हा तेच. मग कुठे ‘पाणी चढतंय’ हे सुचलं, पण तोवर ॲपने नियमभंगाबद्दल त्यांचे संदेश चोवीस तासांसाठी बंदच करून टाकले होते.

“जळ्ळं मेलं ते ॲप!” फोन सदाच्या मांडीवर टाकून बाईंनी पदर खोचला आणि त्या धावत सुटल्या.

देवळाच्या वळणावर समोरून पिंगळेच धापा टाकत आले.

“बाई! तुम्ही बऱ्या आहात ना?”

“मला काय धाड भरलीय? तुमी खाली उतरलात न्हाय ना?”

“निम्म्या पायऱ्या उतरलो होतो. तेवढ्यात फोन वाजायला लागला. ‘यजमानांचा संदेश रोखला आहे.’ एकदा नाही, चारदा! पस्तीस वर्षं पोस्टात काढली मी. इतकं तातडीचं पत्र अडकलं, तर माणसानं स्वतः जाऊन विचारावं. म्हटलं, घरात काहीतरी विपरीत घडलं. काय लिहिलं होतं?”

बाईंनी सांगितलं. तेवढ्यात खालच्या खडकांवर लाट धाडकन फुटली आणि फेस पायऱ्यांवर चढला. पिंगळ्यांनी बाईंना हात जोडले.

“माझे कसले उपकार, काका?” बाई म्हणाल्या. “तुमीच माझ्यापायी धावत आलात.”

दोघं घरी पोचले तेव्हा सदाने ॲपच्या तक्रार विभागाला फोन लावून ठेवला होता. “घे! आता चांगली हान!”

बाईंनी फोन घेतला. “पोरी, चार वेळा अडवलास गो माझा निरोप. तुझ्या आईबापाचं कल्याण होवो.”

पलीकडची मुलगी चाचरत म्हणाली, “मॅडम, ही तक्रार... नेमकी कशात नोंदवू?”