राळ आली का?

नव्वदच्या सुमारास आमच्या नवीन पनवेलच्या कॉलनीत कुणी आजारी पडलं की तळमजल्यावरच्या साठेकाकांची कळी खुलायची. तळोज्याच्या कारखान्यातून मी शिंकत, नाक पुसत घरी आलो की काका जिन्यातच गाठायचे. "नाक वाहतंय? वा! राळ आली. आता भीती नाही." माझ्या सासऱ्यांच्या पाठीवरचं गळू पिकलं, तेव्हा काकांनी ते भिंग लावून पाहिलं आणि सासऱ्यांचं अभिनंदन केलं. सासरे पुन्हा म्हणून आमच्याकडे राहायला आले नाहीत.

काकांचा उभा जन्म पाइनच्या झाडांवरची बुरशी तपासण्यात गेला होता. निवृत्त होऊन ते पनवेलला आले, ते हिमाचलातलं पाइनचं रोप घेऊनच. काकूंनी ते अख्ख्या प्रवासात मांडीवर धरलं होतं म्हणे. पत्र्याच्या पिंपात लावलेलं ते झाड आता काकांच्या खांद्याला लागत होतं. त्याला कुणी 'सुरू' म्हटलं की काका भडकायचे. आपल्या किनाऱ्यावर सुरूच दिसतात, लोकांचा तरी काय दोष!

काकू मात्र पनवेलला आल्यावर लवकरच गेल्या. काकांनी तेव्हा डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, म्हणून कॉलनीनं त्यांना दगड ठरवून टाकलं.

मग एका वर्षी दमट हवेनं झाडाला बुरशी लागली. खालची फांदी वाळली. मी म्हटलं, "काका, झाड गेलं हो."

"गेलं काय! बुरशी शिरली की झाड तिच्या भोवतालच्या आपल्याच पेशी मारतं. तिला पुढं खायला नको मिळायला. वर राळ ओतून जखम बुजवतं. फांदी जाते, खोड वाचतं. बघा, राळ आली!"

खोडावर खरोखरच मधासारखे थेंब होते. काका रोज ते भिंगातून बघायचे. हे झाड गेलं तर घरात काकूंच्या हातचं काहीच उरणार नव्हतं, आणि हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

एका गुरुवारी संध्याकाळी राळ गायब! काका बनियनवरच ओरडत बाहेर आले. समोरच्या हिरावहिनी, मूळच्या जासईच्या, दारात येऊन म्हणाल्या, "काका, मीच खरवडली. मना काय म्हाईत? धुपाची राळ, म्हनून देवाफुडं लावली."

"अहो, झाडाची मलमपट्टी काढलीत तुम्ही!" काका तरातरा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि उंबऱ्याशीच थबकले. आतून धूर येत होता.

काका आत जाऊन देवघरापुढं बसले. त्यांनी देवाला कधी हात जोडलेले मी पाहिले नव्हते. तेव्हाही जोडले नाहीत. "हिमाचलात बंबात पाइनच्या ढलप्या घालायचो," ते म्हणाले. "हिच्या केसांना हाच वास असायचा." आणि त्यांचे डोळे घळाघळा वाहू लागले.

"डोळ्यांत धूर गेला," ते घाईघाईनं म्हणाले.

हिरावहिनी त्यांच्या शेजारी बसल्या. "धूर नाय, काका. राळ हाय ती. येऊ दे. झाडालापन येल परत."