आऊसाहेबांच्या ओवीची मोहीम

प्रथम गजवदनास नमन, मग शारदेस, आणि तिसरे नमन विजेच्या खांबास, की लिहिणे पुरे होईतो दिवा जाऊ नये. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, माघमास. ते समयी राज्यात कोणाचे चित्त थाऱ्यावर नव्हते. कारण ऐसे की महाराजांच्या मातोश्री आऊसाहेब यांचे गळ्यास गाठ आली, आणि वैद्यांनी साफ सांगितले की सोमवारी शस्त्रक्रिया होईल, जीव राहील, आवाज जाईल. आणि जात्यावरची एक ओवी आऊसाहेब म्हणत, ती ऐकोनच महाराजांस बाळपणी झोप येत असे, म्हणोन हुकूम जाहला की सोमवारापूर्वी ओवी भरून घ्यावी. मग दरबारात दोन तट पडले. भास्करपंत टेंभेकर संगणकाचे अभिमानी, ते बोलिले, "हुजूर, संगणकात चुकले तर पुसता येते, तुटले तर सांधता येते." आणि निळोबा नाईक यांजपाशी मेजावर ठेवावयाची रेकॉर्डरची पेटी होती, ते म्हणाले, "पंत, तुमचा संगणक आधी स्वतःलाच सुधारीत बसतो. माझी पेटी लाल कळ दाबली की भरू लागते." आणि शब्दास शब्द वाढला, आणि कोणी कोणाचे ऐकेना, आणि या शहाण्यांच्या भांडणात शनिवार उजाडला, आणि महाराज येरझारा घालू लागले.

मग पहिला मान संगणकास दिला आणि आऊसाहेबांचे कानांस हेडफोन चढविले. त्यांनी "थोरली ओढी खुंटा, धाकटी घाली वैरण" इतके म्हटले आणि थांबल्या. पुन्हा आरंभिले, पुन्हा थांबल्या. महाराजांनी पुसिले, तेव्हा बोलिल्या, "अरे, माझ्यामागून दुसरी बाई म्हणतेय. तिचं होऊ दे की!" संगणक मंद, म्हणोन त्यांचाच आवाज त्यांचे कानी उशिराने परतत होता. पंत शरमिंदे जाहले, आणि निळोबांनी मिशीस पीळ देऊन पेटी मांडिली. पेटीत विलंब कसला तो नाहीच. आऊसाहेबांनी ओवी एका दमात उरकली, पाढा म्हणावा तैसी, आणि मग इकडेतिकडे पाहोन म्हणाल्या, "ती बाई कुठं गेली रे? आमच्या सगुणासारखी म्हणत होती." सगुणाबाई म्हणजे त्यांची धाकटी जाऊ, जात्यापाशी समोर बसोन त्यांचे मागाहून ओवी उचलणारी, तीस कैलासवासी होऊन वर्षे लोटली होती. महाराजांस रडू आले. इतक्यात पंत धावत आले, "हुजूर, फत्ते! विलंब समूळ काढिला!" महाराज गरजले, "परत घाला!" मग जो दोष काढिता जीव मेटाकुटीस आला, तोच शोधिता पंतांस घाम फुटला, आणि निळोबांनी वैर सोडोन हात लाविला, आणि रविवारी सांजवेळी ती उशिराची बाई परत आली. आऊसाहेब हसल्या, आणि चरण म्हणोन थांबल्या, तिचे होऊ दिले, मग पुढे गेल्या, "दोघींची एक ओवी, दाराशी गं तोरण."

सोमवारी शस्त्रक्रिया जाहली, आवाज गेला. आता आऊसाहेब हेडफोन घालोन बसतात, ओवी लागते, आणि त्यांचे ओठ मागाहून हलतात. मध्येच महाराज काही बोलू गेले तर हात वर करोन थांबवितात.

येणेप्रमाणे मोहीम पार पडली. पंत आणि निळोबा अजूनही भांडतात, त्यास इलाज नाही. परंतु आऊसाहेब उशिराने म्हणतात, त्यांस कोणी घाई करू नये, ऐसी आज्ञा आहे.