तांदळे सरांची अख्खी गोळी

आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर आला की सगळे घागरी घेऊन पुढे धावतात. डॉक्टर दगडू तांदळे एकटेच मागे धावतात. वाकून टँकरचं बूड बघतात, गळती बोटाने दाखवतात आणि ड्रायव्हरला सुनावतात, "माल काय करायचाय बे? गाडी महत्त्वाची!" तोवर टँकर रिकामा होतो आणि सर आमच्याकडून दोन बादल्या पाणी उसनं नेतात. परत केल्याचं मला आठवत नाही.

हे डॉक्टर सुई टोचणारे नव्हेत. फार्मसी कॉलेजात शिकवतात आणि शरीरात औषध वाहून नेणाऱ्या गाड्यांवर संशोधन करतात. गाड्या म्हणजे डोळ्यांना न दिसणारे कण. आत औषध भरायचं, वरून कवच चढवायचं, आणि रक्तातून जात जात नेमक्या दुखण्याच्या जागीच ते उघडलं पाहिजे. "आपल्या वस्तीचा टँकर पाटलाच्या विहिरीत रिकामा झाला तर आपण काय प्यायचं?" हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की पीएचडीचा अर्धा वाटा माझाही आहे.

एकदा मांजरसुंब्याच्या ढाब्यावर त्यांनी मिरचीभजं सोलून टेबलावर मांडलं. बेसनाचं कवच कढईतच सुटलंय, असा निर्णय दिला. आचारी म्हणाला, "सायेब, खायचं हाय का पंचनामा करायचाय?"

मी दूध सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणजे सरांच्या लेखी त्यांच्याच खात्यातला माणूस. दूध नासलं की ते मला गाठतात आणि कॅनचं झाकण तपासायला सांगतात. हल्ली तर ते रोज सकाळी आमच्या गाडीत रिकाम्या कॅनांच्या मध्ये बसून आईकडे जातात. का, ते सांगायलाच हे लिहायला बसलोय.

सरांचं लग्न झालेलं नाही. पंचेचाळिशी उलटली तरी त्यांच्या आई सोजरबाई स्थळं बघायचं सोडत नाहीत. त्या युसूफ वडगावच्या पुढे एका वस्तीवर एकट्या राहतात. स्थळांच्या धसक्याने सर तिकडे फिरकत नसत, पण आईच्या बीपीच्या गोळ्या कधी चुकवल्या नाहीत. आमच्या दुधाच्या गाडीने, ड्रायव्हर मुसाच्या हाती त्या जायच्या. गोळीही साधी नव्हे, दिवसभर हळूहळू विरघळणारी. डॉक्टरांशी वाद घालून लिहून घेतलेली. मुसा परतला की सर सोसायटीच्या दारात उभे.

"पोचलं का?"

"पोचलं, सर."

एवढं ऐकलं की त्यांचा महिना सुखाचा जायचा.

यंदा दुष्काळ कडक. एके दिवशी मुसा खाली मान घालून आला. "गोळ्या दिल्या, सर. पर आई टँकरच्या रांगेत चक्कर येऊन पडल्या. कपाळाला लागलंय."

मी वळून बघतो तर सर माझ्या मोटारसायकलवर मागे बसलेले. वाटेत एक गळका टँकर आडवा गेला, त्याच्याकडेही त्यांनी पाहिलं नाही. तेव्हा मात्र मी घाबरलो.

सोजरबाई कपाळाला फडकं बांधून उंबऱ्यात बसल्या होत्या. समोर शेजारच्या हलीमाबी, मध्ये खलबत्ता. त्यात सरांची ती चोवीस तासांची गोळी सोजरबाई मन लावून कुटत होत्या. भुकटी झाली तशी त्यांनी बोटाने तिचे दोन सारखे वाटे केले.

"आई! काय करतीस?"

"अख्खी घशात अडकती रे. आन् हलीमाला बी चक्कर येती, मंग निम्मी तिला. टँकरचं पानी वाटून घेतो, गोळी कावून न्हाई?"

ज्या कवचावर माणसाने आयुष्य घालवलं, ते बत्त्याने ठेचलेलं त्याच्यापुढे पडलं होतं. मला हसू फुटणार होतं, पण सरांचा चेहरा बघून गिळलं. "आई, ती दिवसभर थोडी थोडी सुटायला केलीय," ते कसेबसे म्हणाले. "कुटली की सगळा माल एकदम रिकामा होतो. म्हणून पडलीस."

दोघींना दवाखान्यात नेलं. हलीमाबींचं बीपी मुळातच कमी निघालं. "म्हंजी ह्या सोजरनंच मला पाडायचं ठरिवलंतं!" असं म्हणत त्या सोजरबाईंचाच हात धरून घरी आल्या. सोजरबाईंना डॉक्टरांनी बजावलं, उद्या सकाळपासून गोळी अख्खीच घ्यायची.

आम्ही मुक्काम केला. सकाळी सरांनी आईच्या तळहातावर गोळी ठेवली. सोजरबाई गोळीकडे बघत राहिल्या.

"घे ना."

"भ्या वाटतं रे दगडू. एकटीच्या घशात अडकली, तर पाठीवर थापटायला कोन हाय हितं?"

एवढी वर्षं गाडी गाडी करणारा माणूस आईजवळ सरकला. सरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. सोजरबाईंनी डोळे मिटून गोळी टाकली, तांब्यातून घोट घेतला आणि मान वर केली.

"पोचलं का?" सरांनी विचारलं. आवाज इतका हळू की मला जेमतेम ऐकू आला.

"पोचलं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "बरं, आता ऐक. गेवराईचं एक स्थळ हाय."

मी मोटारसायकलची चावी हातात घेऊन उठलो. सर हलले नाहीत. आईच्या पाठीवरचा हात तसाच ठेवून ते म्हणाले, "सांग."