माशाला हात लावू नये

तुम्हाला म्हणून सांगतो, माझ्या हातून आजवर एकही काच फुटलेली नाही. ही बढाई नाही, माझा धंदाच तो आहे. दुकानांच्या दर्शनी काचा, जिन्यातले आरसे, माणसापेक्षा उंच तावदानं मी भर रहदारीतून आडवा चालत नेतो आणि चौकटीत इतकी साफ बसवतो की पुढच्या आठवड्यात एखादं तरी गिऱ्हाईक काचेवर नाक आपटून घेतं. तेव्हा एक वीतभर मासा जाळीवर भाजून अखंड खाली उतरवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी बायकोला सांगून टाकलं. बायको नुसतं "बरं" म्हणाली. ती नुसतं "बरं" म्हणाली की सावध व्हायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी भलत्याच भरात होतो.

हा सगळा खटाटोप होता सासरेबुवांसाठी. सासरेबुवा म्हणजे काय माणूस! बंदरावर क्रेन चालवण्यात त्यांची उभी हयात गेली. घराएवढी यंत्रं त्यांनी बोटीतून उचलून धक्क्यावर अशी अलगद टेकवली आहेत की खाली उभ्या असलेल्या हमालाच्या कपातला चहा हलला नाही. मी त्यांना लग्नाआधीपासून मानतो. खरं सांगायचं तर मी लग्नाला होकार दिला, त्यातला थोडा सासऱ्यांना होता. हे बायकोलाही माहीत आहे आणि भांडणात ती ते बरोबर बाहेर काढते.

तर त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि ते आमच्याकडे राहायला आले. जखम छान भरली, पण जेवण बंद झालं ते झालंच. सुरुवातीला सगळं मिक्सरमधून काढून द्यायचं होतं. भात मिक्सरमधून, भाजी मिक्सरमधून, फळंसुद्धा मिक्सरमधून. काहीही घातलं तरी शेवटी रंग एकच यायचा. सासरेबुवांनी ते काही दिवस निमूट गिळलं आणि मग एका सकाळी चमचा समोर येताच तोंड घट्ट मिटून घेतलं. पुढे डॉक्टरांनी साधं जेवण द्या म्हटलं तरी तोंड मिटलेलंच. पायजम्याची नाडी रोज जास्त आवळली जात होती. शेवटी डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "या आठवड्यात नीट खायला लागले नाहीत तर परत दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल."

बायको घरी आली ती चपला काढून थेट वडिलांसमोर जाऊन बसली.

"बाबा, काय खावंसं वाटतं ते एकदा सांगून टाका."

"मासा," सासरेबुवा म्हणाले. "भाजलेला. पण अख्खा. डोक्यापासून शेपटीपर्यंत. ताट समोर आल्यावर हे काय आहे, असं मला विचारावं लागता कामा नये."

"आणि थोडासा मोडला तर?"

"तर नको. लगदा बघून बघून मला आता माणसांचासुद्धा कंटाळा आलाय."

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, तळलेला नको, भाजलेला चालेल, पण मासा अगदी मऊ, पचायला हलका बघा. मी बाजारात गेलो. मासेवालीने मऊ म्हणून जो मासा दाखवला तो बघून मीच जरा चरकलो. पांढराशुभ्र, लुसलुशीत, बोट लावलं तिथे खळी पडत होती.

"दादा, हा फार नाजूक बरं का," ती म्हणाली. "याच्याशी मोठ्याने बोललात तरी मोडेल."

"बाई, मी काचवाला आहे," मी म्हणालो आणि एकाऐवजी चांगले मोठे चार घेतले. तेवढी अक्कल मला होती.

आमच्या बाल्कनीत मी शेगडी मांडली, निखारे फुलवले, जाळी ठेवली. बाल्कनी आणि बैठकीच्या खोलीमध्ये मीच बसवलेलं सरकतं काचेचं दार आहे. दाराच्या आत जेवणाचं टेबल आणि पलीकडे सासरेबुवांची आरामखुर्ची. सासरेबुवा डोळे मिटून पडले होते. बायको उलथनं घेऊन पुढे आली तशी मी तिला हाताने थांबवलं.

"तू बाबांजवळ बस. हे कौशल्याचं काम आहे."

पहिला मासा जाळीवर ठेवला. आता काच बसवताना आमची एक सवय असते. चौकटीत ठेवली की जरा इकडे, जरा तिकडे सरकवून बघायची. नीट बसली की नाही ते हाताला कळतं. सवयीने मी मासाही जरा इकडे सरकवला. मासा सरकला. कातडी सरकली नाही. मी घाईघाईने तो परत जागेवर आणायला गेलो तर डोकं एकीकडे, शेपूट दुसरीकडे आणि मधला भाग निखाऱ्यांत.

"काय झालं?" बायको दारातून म्हणाली.

"अंदाज घेतोय."

तिने जाळीकडे पाहिलं, आत जाऊन वाडगा आणला, मोडके तुकडे खरवडून त्यात भरले आणि वाडगा टेबलावर ठेवला. टाकून देणं तिच्या रक्तात नाही.

दुसऱ्या माशाच्या वेळी मी मुळीच सरकवासरकव केली नाही. फक्त खालून भाजलाय का ते बघायला थोडासा उचलला. मग आणखी थोडासा. मग दुसऱ्या बाजूने थोडासा. अशा थोड्याथोड्याने तो संपूर्ण वाडग्यात गेला.

आता मात्र मी इरेला पेटलो. प्रश्न उचलण्याचा आहे, हे माझ्या लक्षात आलं. आणि उचलण्याच्या बाबतीत मला कोण शिकवणार? मोठ्या काचा उचलायला आमच्याकडे रबरी वाट्या असतात. काचेवर दाबून वरचा खटका ओढला की वाटी काचेला अशी घट्ट धरते की काच पाठीवर घेऊन नाचलात तरी सुटायची नाही. मी खोक्यातून एक वाटी काढली, भांड्यांच्या साबणाने दोनदा धुतली, पुसली. तिसरा मासा एका बाजूने भाजत आल्यावर त्याच्या पाठीवर वाटी ठेवली, दाबली, खटका ओढला आणि श्वास रोखून सरळ वर उचलली.

काय सांगू तुम्हाला! कल्ल्यापासून शेपटीपर्यंत, एकही चीर न पडता, अखंड कातडी वर आली. नुसती कातडी. खाली मासा उघडाबोडका, लाजल्यासारखा पडून होता आणि बघता बघता त्याची एकेक पाकळी सुटून जाळीतून खाली निघाली. त्याचं सगळं पाणी निखाऱ्यांवर पडलं आणि जो धूर उठला तो थेट माझ्या डोळ्यांत. एका हातात रबरी वाटी, वाटीला लोंबणारी कातडी आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी, असा मी उभा. बायकोने ओढणीने माझे डोळे पुसले, पाठीवर हात फिरवला. "असू द्या, असू द्या," म्हणाली. तेवढ्यात मला वर काहीतरी हलल्यासारखं वाटलं. वरच्या मजल्यावरच्या काकू झाडांना पाणी घालता घालता आमच्याकडे बघत होत्या. मी ओशाळून हात हलवला. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि आत गेल्या. काकूंनाही धूर लागला असेल, असं वाटलं.

बायको वाचवता येतील तेवढ्या पाकळ्या चिमट्याने गोळा करून आत गेली आणि लगेच बाहेर आली.

"वाडग्यातलं तुम्ही खाताय?"

"मी? मला इथे श्वास घ्यायला फुरसत नाही."

"मग मांजर येत असेल. वाडगा अर्धा झालाय."

"आता मांजराचं काय घेऊन बसलीस? एकच मासा उरलाय."

ती शेगडीसमोर येऊन उभी राहिली. जाळी उचलून तिने ती घासून स्वच्छ केली, तापवली, तेलाचं फडकं फिरवलं. तान्हं बाळ टिपताना मी तिला पाहिलंय, अगदी तसा तिने मासा कापडाने कोरडा टिपला. मग तो जाळीवर ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"काचेला कडेने ते चिकट लावता, त्यानंतर गिऱ्हाइकाला काय सांगता?"

"सुकेपर्यंत हात लावायचा नाही म्हणून सांगतो."

"आणि लावला तर?"

"तर काच निसटते. लावायचाच नाही. पाटी लिहून चिकटवतो मी वर."

बोलता बोलता मला माझंच बोलणं ऐकू आलं. बायको शांतपणे म्हणाली, "हा पण तसाच. तयार झाला की आपोआप जाळी सोडेल. तोवर हात लावायचा नाही."

तुम्हाला सोपं वाटेल हे. पण तडतडणाऱ्या माशासमोर नुसतं उभं राहून बघा! माझी बोटं उलथन्याकडे जायला लागली तशी बायकोने माझे दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवले. आम्ही दोघं धुरात माना खाली घालून, हात हातात घेऊन उभे राहिलो. लग्नातसुद्धा आम्ही इतके गंभीर नव्हतो. मध्येच मी हळूच तिच्याकडे पाहिलं. केस विस्कटलेले, नाकावर राख, आणि डोळे माशावर असे खिळलेले की माझ्या मनात आलं, बापाची क्रेन हिला मिळायला हवी होती.

आणि मासा सुटला. खरंच सांगतो, उलथनं नुसतं टेकवलं तर तो जाळीवरून सरकला. दोन उलथन्यांत धरून बायकोने त्याला पालथा घातला. सोनेरी पाठ, कुठे ओरखडा नाही. आता दुसरी बाजू.

नेमकी दाराची बेल वाजली.

"तुम्ही जा," बायको म्हणाली.

"मी नाही हलणार. तू जा."

"मी गेले की तुम्ही हात लावाल."

बेल पुन्हा वाजली. पुन्हा वाजली. मग कडी काढल्याचा आवाज आला आणि बेल थांबली. सुटलो, असं म्हणून आम्ही परत माशाकडे वळलो. दार कोणी उघडलं असेल, हा प्रश्न आम्हा दोघांनाही पडला नाही. तेवढ्यात बैठकीतून काकूंची किंकाळी आली. बायको "बाबा!" म्हणत आत धावली. मी मात्र शेगडीपाशीच राहिलो. लाज वाटते, पण मासा अगदी सुटायला आला होता.

आत काय झालं ते मी माझ्याच काचेतून पाहिलं. दारात वरच्या काकू आणि सोसायटीचे सेक्रेटरी, दोघंही उतरलेल्या चेहऱ्याने उभे. आणि त्यांच्यासमोर, ऑपरेशनपासून खुर्चीतून एकट्याने न उठलेले आमचे सासरेबुवा आपल्या पायांवर उभे. हातात वाडगा. मिशीला माशाचा तुकडा.

"या," सासरेबुवा चावता चावता म्हणाले. "असे चेहरे का? कोण गेलं?"

सेक्रेटरींनी काकूंकडे पाहिलं, मग सासरेबुवांकडे.

"तुम्ही," ते म्हणाले. "म्हणजे, काकूंनी जावईबापूंना रडताना पाहिलं. मग दोघंही माना खाली घालून उभे होते. आम्हाला वाटलं..."

"बरं झालं आलात," सासरेबुवा म्हणाले. "बसा, मी आहे अजून."

बायको त्यांच्या हातातल्या वाडग्याकडे बघत राहिली. तळाला दोनच पाकळ्या उरल्या होत्या.

"बाबा, हे तुम्ही खाल्लंत? हा तर लगदा होता."

"मला कोणी दिला नव्हता ना," सासरेबुवा म्हणाले. "इतके दिवस समोर चमचा धरून बसता तुम्ही. आज कोणी बघत नव्हतं, वास सुटला होता, उठलो आणि खाल्लं. शिवाय याला कडेने काय खमंग जळकं लागलंय."

बायको तिथेच टेबलाला टेकून रडायला लागली. काकूही लागल्या. आधीची तयारी होतीच त्यांची.

मी चौथा मासा घेऊन आत आलो. मोठा आरसा नेतो तसा आडवा चालत, श्वास न घेता. ताट टेबलावर ठेवलं. डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खा, दोन्ही बाजूंनी सोनेरी, जाळीच्या रेघा फूटपट्टीने आखल्यासारख्या. सेक्रेटरींनी नकळत चपला काढल्या. सासरेबुवा ताटाभोवती फिरून, खाली वाकून, चारी बाजूंनी बघून आले.

"कोणी उतरवला?"

"भाजला तिने. उतरवला मी," मी म्हणालो.

"माझ्या क्रेनवरूनही इतकं सुरेख काही उतरलं नसेल," सासरेबुवा म्हणाले.

त्यांच्याकडून हे ऐकण्यासाठी मी काय वाट्टेल ते केलं असतं. मी ताट त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी बोट पुढे केलं, माशाजवळ नेलं आणि मागे घेतलं.

"नाही हो. इतका देखणा झालाय, मोडवत नाही. हा पाहुण्यांना द्या."

पाहुण्यांना मोडवला. काकूंनी तर शेपटीसुद्धा ठेवली नाही.

रात्री झोपण्यापूर्वी सासरेबुवांनी मला जवळ बोलावलं.

"जावईबापू, ते वाडग्यातलं सगळं तुमच्या हातचं ना?"

"हो," मी खाली बघत म्हणालो.

"उद्या तेच करा. आणि परवाही. जमेल ना तसंच पुन्हा?"

मी म्हणालो, बाबा, तुम्ही निर्धास्त राहा. त्या कामात माझा हात धरणारा कोणी नाही.