सरी, पण टिकेल किती?

वेंकोबअण्णा छत्री घ्यायला निघाले की जयनगरातला छत्रीवाला कपाळाला हात लावायचा. अण्णा छत्री उघडायचे, मिटायचे, पुन्हा उघडायचे, पुन्हा मिटायचे आणि तोंडाने मोजत राहायचे. साठ झाले की दुसरी छत्री. दुकानदार देवाशपथ सांगायचा की काड्या पोलादी आहेत, कापड एक नंबर आहे. अण्णा सगळं ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "सरी, पण टिकेल किती?" दुकानदार हात जोडायचा. अण्णा बिनछत्रीचे घरी यायचे.

सरी म्हणजे बरं. आमची घराणी बंगळूरात येऊन इतक्या पिढ्या झाल्या की मूळ गाव कुठलं ते कुणाला धड सांगता येत नाही. घरात बोलायचं मराठी, पण त्यात स्वल्प आणि सरी पेरलेले. मी अण्णांच्या शेजारची. मला ते तंगी म्हणायचे, कन्नडात धाकट्या बहिणीला म्हणतात तसं.

मला बघायला मंडळी आली तेव्हा वडिलांनी अण्णांनाही बोलावलं. घोडचूक. मुलाला नोकरी होती, पत्रिका जुळली होती, उप्पिट्टू खाऊन पाहुणे खूश होते. अण्णांनी मुलाला नखशिखांत न्याहाळलं आणि त्याच्या वडिलांना अगदी आदराने विचारलं, "सरी, पण टिकेल किती?" आईने घाईघाईने आणखी उप्पिट्टू वाढायला घेतलं. पुढे लग्न त्याच मुलाशी झालं आणि तो अजून टिकलाय, पण तेव्हा मी महिनाभर अण्णांशी बोलले नाही.

खरं म्हणजे हा नोकरीचा गुण. आम्ही दोघं एकाच कारखान्यात होतो. तिथे व्हॅक्यूम क्लीनर बनायचे. घरगुती नव्हेत, हॉटेलं, थिएटरं, हॉस्पिटलं यांच्यासाठीचे मोठे. कमरेएवढं पत्र्याचं पिंप, खाली चाकं आणि मनगटाएवढी जाड नळी. आमच्या आईने पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिला तो पाणी तापवायचा बंबच वाटला होता.

अण्णा चाचणी खात्यात आणि मी काचेच्या पडद्याअलीकडे टायपिस्ट. चाचण्या दोन. पहिली जोराची: नळीचं तोंड एका उभ्या काचेच्या नळीला जोडायचं आणि त्यातलं लाल पाणी किती इंच वर ओढलं जातं ते बघायचं. दुसरी टिकाऊपणाची: ती काचेची नळी जोडलेलीच ठेवून सकाळच्या भोंग्याला मशीन सुरू करायचं, संध्याकाळच्या भोंग्याला बंद, असं ते कायमचं बंद पडेपर्यंत. किती तास चाललं ते लिहायचं. म्हणजे अण्णांना पगार मिळायचा तो मशीन मरताना बघत बसायचा. आणि माणूस असा की घरात झुरळ निघालं तर बायकोला हाक मारायचा.

बायको म्हणजे सरसक्का. मूलबाळ नव्हतं, दोघंच. अक्का हसरी आणि जिभेने तिखट. मला एकदा म्हणाली, "लग्नाआधी यांनी माझी चाचणी घेतली नाही गं, म्हणून इथवर आले." हसता हसता तिला धाप लागली आणि ती खांबाला धरून उभी राहिली. त्या वर्षी तिला जिना चढवेनासा झाला. हृदयाची एक झडप नीट उघडत नव्हती. कंटोन्मेंटातल्या मोठ्या हॉस्पिटलात तिला ठेवलं आणि ऑपरेशन ठरलं.

सात नंबरचं मशीन तेव्हा आधीपासूनच चाचणीवर होतं. मशीनच्या मोटारीत कार्बनचे दोन तुकडे असतात, पेराएवढे, कोळशासारखे काळे. ते झिजले की मोटार ठिणग्या टाकते आणि थांबते. आधीची सहाही मशीनं अशीच गेली होती. सात नंबर मात्र त्या सगळ्यांचे तास ओलांडून पुढे चाललं. साहेबांचा आनंद गगनात मावेना. मद्रासच्या एका थिएटरमालकाची मोठी ऑर्डर याच रिपोर्टसाठी अडली होती.

अण्णा मात्र दिवसेंदिवस वाळत होते. दर थोड्या वेळाने उठून मशीनच्या झाकणाला कान लावायचे. दिवे जरा मंद झाले की ताडकन उभे राहायचे. लाल पाणी अर्धा इंच उतरलं तरी त्यांच्या कपाळाला घाम. जेवायच्या सुट्टीत ते डबा घेऊन मशीनशेजारीच बसायचे. मला वाटलं, अक्काची काळजी, दुसरं काय.

एक दिवस त्यांनी घाम पुसायला खिशातून रुमाल ओढला आणि दोन काळे तुकडे घरंगळत माझ्या टेबलाखाली आले. मी उचलून बघितले. कार्बन होते, पार झिजलेले.

प्रत्येक रिपोर्टच्या शेवटी एक वाक्य असायचं: चाचणीच्या काळात मशीनचा एकही भाग बदललेला नाही. ते मी इतक्यांदा टाइप केलं होतं की झोपेतही बोटं चुकली नसती. त्याखाली सही अण्णांची. एकदा साहेबांनी थोडे तास वाढवून लिहायला सुचवलं, तर अण्णांनी पेन त्यांच्यापुढे ठेवून तुम्हीच लिहा असं सांगितलं होतं. असा माणूस जेवायच्या सुट्टीत चोरून कार्बन बदलत होता. मी ते तुकडे टाइपरायटरच्या आवरणाखाली सरकवले. अण्णांनी पाहिलं. त्या दिवशी माझ्या प्रत्येक पत्रात चुका झाल्या.

ऑपरेशनच्या दिवशी अण्णा कामावर हजर. मी चांगलंच झापलं त्यांना. ते खाली मान घालून म्हणाले की दुपारपर्यंत आत कुणाला सोडत नाहीत, मेहुणा बाहेर बसलाय, तो फोन करेल. साहेबांना नेमका त्याच दिवशी रिपोर्ट हवा होता. सात नंबर पलीकडे घोंघावत होतं आणि अण्णा माझ्या टेबलाशी उभे राहून मजकूर सांगत होते. शेवटच्या वाक्यापाशी मी बोटं उचलली.

"काय टाइप करू, अण्णा?"

ते त्या लाल पाण्याकडे वळले. मग हळू आवाजात म्हणाले, "तंगी, ती भरती झाली त्या दिवशी याच्यातून ठिणग्या यायला लागल्या. मनात आलं, हे चालतंय तोवर ती आहे. मूर्खपणा आहे, कळतं मला. पण हात ऐकेनात." त्यांनी चष्मा काढून पुसला. "खरं तेच टाइप कर. दोनदा कार्बन बदलले, चाचणी रद्द. फक्त स्वल्प हळू कर. फोन येईपर्यंत हे बंद करायला लावू नकोस."

मी आयुष्यात इतकं हळू कधी टाइप केलं नाही. एक अक्षर मारायचं आणि फोनकडे बघायचं. साहेबांनी दोनदा विचारणा केली. दोनदा मी रिबन अडकल्याचं खोटंच सांगितलं. ऑर्डर लांबली, पुढे आम्हा दोघांना मेमो मिळाले, त्याचं मला आजही काही वाटत नाही. त्या वेळी एकच भीती होती, ते घोंघावणं मधेच थांबलं तर या माणसाचं काय करायचं.

फोन आला. मेहुणा ओरडतच होता, अक्काला बाहेर आणलंय, शुद्धीवर येतेय. अण्णा मशीनपाशी गेले. झाकणावर तळहात ठेवला, क्षणभर तसाच राहू दिला आणि बटण दाबलं. लाल पाणी खाली उतरलं.

मी त्यांच्याबरोबर हॉस्पिटलात गेले. एकट्याला कसं सोडणार? डॉक्टर बाहेर येऊन समजावून सांगायला लागले. झडप मोकळी झाली आहे, आता धाप लागणार नाही, जपायला मात्र हवं. आता अण्णा विचारणार. छत्रीवाल्याला विचारलं, माझ्या सासऱ्यांना विचारलं, इथे तर विचारणारच. डॉक्टर बोलायचे थांबले. अण्णांनी तोंड उघडलं.

"सरी," ते म्हणाले. पुढचे तीन शब्द आलेच नाहीत.

मग आत जाऊन त्यांनी अक्काच्या पायांवरची चादर सारखी केली आणि खाटेजवळच्या स्टुलावर बसले. ते स्टूल चांगलंच डुगडुगत होतं. त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.