मल्लय्याअण्णा तारागोनाला जातात

मल्लय्याअण्णा आधी माणसाच्या कपड्याला हात लावतात, नाव मागून विचारतात. समोर कोणी का असेना, त्याच्या शर्टाची बाही अंगठा आणि दोन बोटांत धरायची, डोळे मिटून चोळायची आणि निकाल द्यायचा. "ताणा बरा हाय. बाण्यात फसवलंय तुमाला." ताणा म्हणजे कापडातले उभे धागे, बाणा म्हणजे आडवे. आपण नवा शर्ट घालून ऐटीत निघालेलो असतो आणि कोपऱ्यावरच सगळी ऐट उतरते.

बायकांच्या साड्या ते लांबून, नुसत्या नजरेनं तपासतात, म्हणून अण्णा अजून धडधाकट आहेत. पुरुषांना मात्र सुटका नाही. डॉक्टर ह्यांची नाडी बघतात तेव्हा हे डॉक्टरांचा कोट बघत असतात. एकदा सात रस्ता चौकात सिग्नल मोडला म्हणून हवालदारानं अडवलं, तर ह्यांनी त्याचीच बाही धरली. "साहेब, ही खाकी दोन पावसाळे न्हाय काढत बघा." हवालदार स्वतःच्या बाहीकडे बघत राहिला आणि अण्णा सायकल घेऊन पसार.

माझ्या पुतणीच्या लग्नात मी त्यांना मोठ्या मानानं अंतरपाट धरायला उभं केलं. मंगलाष्टकं रंगात आलेली, माणसं अक्षता घेऊन तयार, आणि ह्या गृहस्थाची बोटं अंतरपाटावर चाललेली. भटजी श्वास घ्यायला थांबले, तेवढ्या शांततेत अण्णा मोठ्यानं म्हणाले, "गुरुजी, ह्यो पॉलिस्टर हाय की!" भटजींनीसुद्धा वाकून पाहिलं.

गुरुजी म्हणजे मी. मी जन्मभर शाळेत कारकून होतो, वर्गात कधी खडू धरला नाही. पण अण्णांनी एकदा पदवी दिली की ती परत करता येत नाही.

अण्णा आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातले, घरी तेलुगू बोलणारे, हातमागावरचे विणकर. त्यांच्या घरात शिरलं की समोरच्या खोलीत तो माग दिसतो, खड्ड्याचा. म्हणजे विणकरानं जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं. बायको, लक्ष्मीबाई, सहा वर्षांपूर्वी गेल्या आणि माग थांबला. तरी अण्णा रोज सकाळी चहा झाला की खड्ड्यात पाय सोडून तासभर बसतात. विणत काही नाहीत. नुसते बसतात.

मुलगा श्रीनिवास स्पेनमध्ये बार्सिलोनाला इंजिनिअर आहे. त्याच्या जिवाला एकच घोर. अण्णांची झोपायची खोली माडीवर, आणि ते जिन्यावरून दोनदा पडलेले. त्याचं म्हणणं, माग मोडून त्या जागी झोपायची खोली आणि न्हाणीघर करू. त्यात चूक काय? काहीच नाही. पण अण्णांचं दोन वर्षं एकच उत्तर, "बघू की." शेवटी त्यानं वडलांना बोलावून घेतलं आणि बजावलं, "नायना, परत जाताना हो की नाही ते सांगून जायचं." तेलुगूत वडलांना नायना म्हणतात; एरवी माझ्यासमोर बापलेक मराठीतच बोलतात. अण्णा एकटे विमानात बसेनात, म्हणून सोबतीला मी. शेजारच्या मोहोळच्या पलीकडे जायला ज्याला बायकोची परवानगी लागते असा मी मनुष्य फुकटात परदेशी पोहोचलो, तो केवळ अण्णांच्या पुण्याईनं. ह्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत, हे मी आधीच सांगून टाकतो.

परतायच्या आदल्या दिवशी श्रीनिवासनं आम्हाला गाडीत घालून तारागोनाला नेलं. समुद्राकाठचं शहर, रोमन लोकांनी वसवलेलं. गाडीतच त्यानं वडलांकडून कबूल करून घेतलं, "आज कोणाच्याही कपड्याला हात लावायचा नाही. मागच्या आठवड्यात माझ्या साहेबाच्या कोटाला लावलात तेवढं पुरे." अण्णांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. फार शिवशिवले की हळूच म्हणायचे, "गुरुजी, शर्ट द्या जरा." मी बाही पुढे करायचो. संध्याकाळपर्यंत माझी उजवी बाही चुरगळून गेली होती.

समुद्राच्या वर एक उंच सज्जा आहे. तिथल्या लोखंडी कठड्याला हात लावला की नशीब उघडतं, असं श्रीनिवासनं शहर दाखवायला ठरवलेली वाटाडी पोरगी म्हणाली. ती इंग्रजीत सांगायची, श्रीनिवास मराठी करायचा. हात लावायला परवानगी आहे म्हटल्यावर अण्णांनी कठड्याला असा हात लावला की मागची माणसं खोळंबली. मग समुद्राकडे बघून म्हणाले, "सिद्धेश्वराच्या तळ्याला ह्याच्यापेक्षा काठ बरा हाय. पर पाणी लई हाय हितं."

खाली, अगदी लाटांच्या शेजारी, रोमन लोकांचं दगडी रिंगण. भोवती पायऱ्यांची बैठक, मध्ये माणसं आणि जनावरं झुंजायची. पोरगी रक्तपाताचं वर्णन करत होती. ती म्हणाली, अशा ठिकाणी उन्हासाठी वर भलंमोठं कापड ताणायचे. झालं! अण्णा ताठ उभे. "इचार तिला, ते कुणी इणलं?"

पोरगी गडबडली. राजे कोण, सेनापती कोण, सगळं तिला पाठ. हे कोणी विचारलंच नव्हतं. "ठाऊक नाही," ती प्रामाणिकपणे म्हणाली, "पण विणणाऱ्यांचं एक सामान आहे, ते दाखवते." आणि आम्हाला संग्रहालयात घेऊन गेली. तिचेही आभारच मानले पाहिजेत.

तिथे संगमरवरी पुतळे होते, रंगीत खड्यांच्या फरशा होत्या. ती आम्हाला थेट कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटापाशी घेऊन गेली. आत भाजलेल्या मातीचे मुठीएवढे गोळे, प्रत्येकाला वर एक भोक. मला ते चुलीतून काढलेल्या बटाट्यांसारखे वाटले. पण ती काही बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "वजनं! मागाची वजनं हायती ही."

श्रीनिवासनं सांगितलं तशी पोरगी थक्क झाली. उभ्या धाग्यांना ताण यावा म्हणून ही वजनं खाली टांगायचे. माग लाकडाचे, ते कुजून गेले. सूत गेलं, कापड गेलं. एवढीच वजनं उरली, आणि घराघरांतून विणायच्या त्या बहुतेक बायकाच. मग तिनं एका गोळ्याकडे बोट दाखवलं. ओल्या मातीवर कोणाचा तरी अंगठा उमटून तसाच भाजला गेला होता. लहानसा अंगठा.

अण्णा काचेला नाक लावून किती तरी वेळ बघत होते. श्रीनिवास घड्याळ बघत म्हणाला, "नायना, चला. आणि मागाचं काय ते आता सांगा, उद्या विमान आहे."

"मोड," अण्णा म्हणाले.

एवढं चटकन उत्तर येईल असं त्यालाही वाटलं नव्हतं.

"लाकूडच हाय. हितं बी ऱ्हायलं न्हाय, आपल्याकडं कुटलं ऱ्हातंय? बांध तुजं न्हाणीघर. पर पिशव्या मी सोडीन. त्येला कुणी हात लावायचा न्हाय."

"कसल्या पिशव्या?"

अण्णांनी मुलाकडे असं पाहिलं, जणू त्यानं स्वतःचं नाव विचारलं. "किनारीच्या धाग्याला ताण लागतोय. खाली वाळूच्या पिशव्या टांगतो आपण. तुज्या आईनं शिवल्यात त्या, तुज्या शाळंच्या जुन्या चड्ड्यांच्या. सीना नदीची वाळू चाळायची, तागडीत घालायची, चिमूट काढायची, चिमूट घालायची. एक बी पिशवी कमीजास्त न्हाय. माजी किनार बघून अख्खी पेठ मला शाबास म्हणायची. मी शाबासकी घ्यायचो आन घरी येऊन जेवायचो." त्यांनी पुन्हा काचेतल्या अंगठ्याकडे पाहिलं. "तिला एकदा बी बोललो न्हाय रे. लई राहून गेलं."

डोळे पुसायला श्रीनिवासला चष्मा काढावा लागला. मला तर सरळ रडू आलं, आणि त्याची मला मुळीच लाज वाटली नाही. माझ्याही घरी आयुष्यभर माझ्या शर्टांना कोणी तरी बटणं लावलेली आहेत.

"दिवाळीला मी येतो," श्रीनिवास म्हणाला. "तुम्ही पिशव्या सोडा, मी माग सोडवतो. आपण दोघंच."

"ये की."

दाराशी अभिप्रायाची वही होती. अण्णांनी मला पेन उघडून द्यायला लावलं. मी म्हटलं, सांगा, मी लिहितो. जन्मभर तेच केलंय. "नको गुरुजी, ह्ये मलाच लिवाया लागतंय," ते म्हणाले, आणि वाकून, एकेक अक्षर सावकाश वळवत, तेलुगूत दोन ओळी लिहिल्या. पोरगी कौतुकानं बघत होती. तिला वाटलं, संग्रहालयाबद्दल काही तरी छान लिहिलं असेल.

अण्णा बाहेर उन्हात जाऊन उभे राहिले. श्रीनिवासनं वही ओढून वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, मग माझ्यासाठी मराठीत सांगितलं.

"लक्ष्मी, माझी किनार तुझ्यामुळं सरळ आली. मल्लय्या, सोलापूर."